मैदानाकडे पाठ

"मैदानाकडे पाठ करा, मोहिते काका. अशी. तोंड धैर्यशीलकडे."

"आणि मग मी बघू काय?"

"त्याच्याकडे बघा," मुल्ला मॅडम म्हणाल्या.

तेवीस वर्षं दुसरं काय करतोय, असं अगदी ओठांवर आलं होतं, पण गिळलं. माझ्या धैर्याच्या केंद्रातल्या बाई त्या, बिचाऱ्या पहाटेपासून पोरांना गाड्यांतून उतरवून घामाघूम झाल्या होत्या. साताऱ्यातलं एक मंगल कार्यालय होतं ते. आदल्या दिवशीच्या लग्नातल्या मसालेभाताचा वास अजून रेंगाळत होता, स्टेजवर नवरानवरीच्या लाल खुर्च्या तशाच होत्या आणि खाली फरशीवर चिकटपट्ट्या मारून मैदान आखलं होतं. अपंग मुलांच्या चार केंद्रांतली पोरं खेळायला जमली होती. पोरं म्हणजे वीस-पंचवीस वर्षांची, दाढीमिशा फुटलेली, पण सगळी चाकाच्या खुर्चीत पट्ट्यानं बांधलेली. कुणाची मान कलंडलेली, कुणाची लाळ गळतेय, कुणी मधेच ओरडतंय. आणि प्रत्येकामागं एक आई नाहीतर बाप, ज्याला कुठं भिंत मिळाली तर टेकून झोपायचं होतं. त्यातलाच मी एक.

खेळाचं नाव बोचिया. आपल्या गोट्यांचाच थोरला भाऊ म्हणा. आधी एक पांढरा चेंडू टाकायचा. मग एकानं लाल, दुसऱ्यानं निळे चेंडू त्याच्याजवळ न्यायचे. ज्याचे जवळ, त्याला गुण. ज्यांना हातानं टाकता येत नाही त्यांच्यासाठी पीव्हीसीचा पाइप उभा कापून पन्हळ केलेली असते. ती घसरगुंडीसारखी तिरकी उभी करायची, वर चेंडू ठेवायचा आणि खेळणाऱ्यानं डोक्याला बांधलेल्या काठीनं त्याला ढोसायचं. पन्हळ इकडं-तिकडं फिरवायला माणूस लागतो. पण त्या माणसानं मैदान बघायचं नाही, असा नियम. मागं बघितलं की समोरच्याला एक चेंडू जास्त.

"पन्हळ मी धरणार आणि नेम कोण धरणार?" मी विचारलं.

"तो. तो ज्या बाजूला बघेल तिकडं पन्हळ सरकवायची. वर बघितलं तर चेंडू आणखी वर ठेवायचा. डोळे घट्ट मिटले की बरोबर आहे. तोंड फिरवलं की नाही. बास, एवढंच."

"एवढंच," मी म्हटलं.

एरवी हे काम केंद्रातल्या मावशी करायच्या. त्यांच्या लेकीचं बाळंतपण आलं आणि ऐन वेळी हे लचांड माझ्या गळ्यात पडलं. धैर्याची आई, म्हणजे शालन, घरी झोपली होती. "तुम्ही न्या त्याला, मला आज नुसतं पडू द्या," एवढंच म्हणाली होती, आणि आठवडाभरात ती माझ्याशी बोललेली तेवढीच.

बारा वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा मी कराड डेपोला एसटीवर ड्रायव्हर होतो. होतो म्हणजे नावाला. धैर्याला उचलून उचलून मणक्यातली चकती सरकली होती आणि मला डेपोत बसवून ठेवलं होतं. डॉक्टरनं सरळ सांगितलं होतं, "मोहिते, आणखी उचलाल तर तुमच्यासाठीपण खुर्ची आणावी लागेल." शालनचा उजवा खांदा वर जात नव्हता, केस विंचरायलासुद्धा. थोरली स्वप्नाली पुण्यात नोकरीला, दिवाळीला यायची. धैर्या जन्मला तेव्हा रडला नाही, मेंदूला हवा कमी पडली, आणि तेव्हापासून हात-पाय काठीसारखे ताठ. बोलणं नाही. भरवायचं, पुसायचं, रात्रीतून उठून कूस बदलायची. आमच्या दोघांच्या नाकी नऊ आले होते, यात खोटं काही नाही.

म्हणून मी शिरवळच्या बाजूला एक निवासी संस्था शोधली होती. वर्षापूर्वी आम्ही तिघं जाऊन बघूनही आलो होतो. आता तिथून फोन आला होता, की एक जागा रिकामी झालीय, सोमवारपर्यंत कळवा. मी म्हटलं, पाठवायचं. शालन म्हणाली, "पोटच्या पोराला टाकायला निघालाय तुम्ही." मी म्हटलं, "उद्या आपण दोघं आडवे झालो की त्याला कोण बघणार? तुझा भाऊ?" ते भांडण आम्ही धैर्याच्या कॉटच्या दोन बाजूंना उभं राहून केलं. तो मधे पडला होता, पण त्याच्या कानावर काय पडतंय याचा विचार आमच्यापैकी कुणी केला नाही. मुल्ला मॅडम नेहमी म्हणायच्या, "काका, त्याला सगळं कळतं." केंद्रात ढोलकीच्या तालावर हात हलवणं, पाण्याच्या टाकीत पाय सोडणं, एकेक चित्र दाखवून 'पोहे की उपमा' विचारणं, असं काय काय चालायचं. मला ते पालथ्या घड्यावर पाणी वाटायचं. चार तास शालनला सुटका मिळते, एवढ्यासाठी मी त्याला तिथं सोडत होतो. कळतं म्हणून सांगणं हा मॅडमचा धंदाच आहे, त्याशिवाय आईबाप रोज कशाला येतील, असं माझं मत होतं.

पंचांनी शिट्टी मारली. समोर कोल्हापूरचा एक पोरगा होता, त्याची पन्हळ त्याचा काका धरत होता. पांढरा चेंडू आम्ही टाकायचा होता. मी पन्हळ सरळ ठेवली, धैर्यानं डोळे मिटले, काठीनं ढोसलं. आमचा पहिला लाल पण तसाच गेला. हे काय अवघड नाही, मी मनात म्हटलं. मग कोल्हापूरवाल्यांची पाळी आली. मागं टक्कन आवाज झाला, लोक हसले, पुन्हा आमची पाळी आली.

मी चेंडू ठेवला. धैर्यानं खिडकीकडं बघितलं.

मी पन्हळ थोडी खिडकीकडं सरकवली. तरी त्याची नजर खिडकीकडंच. आणखी थोडी सरकवली. अजून तिकडंच. म्हटलं, याला बाहेर चिमणी-बिमणी दिसली असणार. चेंडू मधोमध टाकलाय आणि हा मला भिंतीकडं न्यायला सांगतोय. मी पन्हळ परत सरळ केली.

"ढकल, बाळा."

ढकलेना.

"ढकल की रे, धैर्या. लोक थांबलेत."

त्यानं घशातून असा आवाज काढला की स्टेजवर बसलेली बाई उठून उभी राहिली. मग गप्प झाला आणि माझ्याकडं बघत बसला. तोंड बंद, नाकपुड्या फुगलेल्या, डोळे माझ्यावर रोखलेले. आणि काय सांगू, ते बघणं मला ओळखीचं वाटलं. कंडक्टरनं चुकीच्या जागी बेल मारली की मी आरशातून त्याच्याकडं अगदी असाच बघायचो. डेपोत माझ्या त्या बघण्याला सगळे टरकून असायचे. हा माझाच राग होता, तेवीस वर्षांच्या या पोराच्या तोंडावर.

"वेळ चाललाय," पंच म्हणाले.

"मॅडम, सांगा की त्याला," मी न वळता ओरडलो.

"मला बोलता येत नाही, काका. नियम आहे," मागून मॅडम म्हणाल्या.

धैर्यानं पुन्हा खिडकीकडं बघितलं. मी म्हटलं, "घे, कर तुझ्या मनासारखं, मग बोंबलू नको." आणि पन्हळ नेली तिकडं. तो बघत राहिला, मी नेत राहिलो, पार खिडकीच्या गजाच्या रेषेत आली तेव्हा त्यानं डोळे घट्ट मिटले. उघडले. मान मागं घेतली आणि काठीनं चेंडू ढोसला. घरंगळल्याचा आवाज लांब लांब गेला, मग टप्प असा एक मऊ आवाज, आणि कार्यालयात टाळ्या.

डाव संपल्यावर वळायची मुभा होती. मी वळलो. पांढरा चेंडू मधोमध नव्हताच. खिडकीकडच्या चिकटपट्टीजवळ पडला होता आणि आमचा लाल त्याला गालाला गाल लावून बसला होता.

"च्यायला! हा तिकडं कधी गेला?"

"मघाशीच की. त्यांच्या निळ्यानं उडवला," मुल्ला मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला दिसत नव्हतं, काका. त्याला दिसत होतं."

मी धैर्याकडं बघितलं. तो पंचांकडं बघत होता, पुढचा डाव कधी, म्हणून.

पुढं मी डोकं चालवायचं बंद केलं. गाडी रिव्हर्स घेताना ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही, कंडक्टरच्या शिट्टीवर भरवसा टाकून चाक फिरवायचं असतं. तसं मी केलं. तो बघेल तिकडं न्यायचं, डोळे मिटले की थांबायचं. आणि दुसरं काही बघायलाच नसल्यामुळं मी त्याचं तोंड बघत राहिलो. भरवताना, पुसताना तोंड दिसतंच, पण ते काम असतं, कधी उरकतंय असं झालेलं असतं. असं नुसतं समोर बसून मी ते कधी बघितलं नव्हतं. विचार करताना तो खालचा ओठ आतून चावतो. शालन दुकानात भाव करताना चावते तसा. चेंडू निघून गेला की तो श्वास धरून ठेवतो, आणि मागं आवाज यायच्या आधीच मला त्याच्या डोळ्यांत कळायचं, नेम लागला का हुकला. एकदा हुकला तेव्हा त्यानं स्वतःवरच असं तोंड वाकडं केलं की मला हसू फुटलं. तोही हसला. आम्ही दोघं कशावर तरी एकदम हसलो होतो, असं मला आधीचं काही आठवेना.

आम्ही जिंकलो. दुसऱ्या सामन्यात मात्र एका पोरीनं आम्हाला धुतलं. बारीक, चष्मेवाली, दोन वेण्या घातलेली, कपाळाला काठी. डावामागून डाव घेत गेली. योगायोग बघा, ती त्या शिरवळच्या संस्थेतलीच निघाली. तिची पन्हळ धरणाऱ्या ताई म्हणाल्या, "आमच्याकडं रोज संध्याकाळी खेळतात ही मंडळी. पाऊस असो, काही असो, त्याशिवाय जेवत नाहीत." मी हं हं केलं. आमचं काय चाललंय ते त्यांना माहीत नव्हतं आणि मीही सांगितलं नाही. मला तेव्हा त्यांच्याकडं बघायचीसुद्धा लाज वाटत होती.

मेहुण्याची ओम्नी मागून आणली होती. तिथल्या दोघांनी धैर्याला उचलून पुढच्या सीटवर बसवलं, मी पट्टा बांधला आणि निघालो. उंब्रजच्या अलीकडं चहाच्या टपरीवर थांबलो. मी चहात बिस्कीट कुस्करून चमच्यानं त्याला भरवत होतो, आणि डोक्यात एकच चक्र फिरत होतं. न कळणाऱ्याला ठेवून यायचं म्हणून मी मन घट्ट केलं होतं. त्याला काय, इथं काय नि तिथं काय, असं म्हणून. कळणाऱ्याला कसा ठेवून येणार? मणका मोडला तर मोडू दे. माझे डोळे भरून आले. मी चमचा खाली ठेवला.

"धैर्या," मी म्हटलं, "ऐक. मी तुला कुठं पाठवत नाही. सोमवारी फोन करून नाही म्हणून सांगतो. तू आमच्याजवळच राहायचं. काय?"

त्यानं तोंड फिरवलं.

मला वाटलं, चहा नको असेल. ओठ पुसले. पुन्हा म्हटलं, "शिरवळला नाही पाठवत तुला. घरी राहायचं. आई, मी, तू. बरं का?"

पुन्हा तोंड फिरवलं.

म्हटलं, दमलाय, त्याला कळत नसेल. मी परीक्षा घेतली. "आपण आत्ता कोल्हापूरला आलोय?" तोंड फिरवलं. "तुझ्या बहिणीचं नाव स्वप्नाली?" डोळे मिटले. "आज त्या चष्मेवालीला आपण हरवलं?" तोंड फिरवलं, वर हसला. सगळं बरोबर.

"मग तुला तिथं जायचंय?"

डोळे मिटले. घट्ट. पापण्यांना सुरकुत्या पडेपर्यंत.

"खेळायला? आज ते ऐकलंस म्हणून?"

तोंड फिरवलं.

"मग कधी ठरवलंस? आपण बघायला गेलो होतो, तेव्हाच?"

डोळे मिटले.

म्हणजे वर्ष झालं होतं. वर्षभर आम्ही त्याच्या डोक्यावरून भांडत होतो, शालन त्याच्या कॉटला धरून रडत होती, मी भिंतीवर हात आपटत होतो, आणि हा मधे पडून ऐकत होता. दोघांपैकी एकानं जरी खाली बघून विचारलं असतं तर सांगितलं असतं.

मला राग आला. खोटं कशाला बोलू, भयंकर राग आला. "आम्हाला कंटाळलास काय रे?" मी ओरडलो. "तेवीस वर्षं तुझ्या आईनं एक लग्न बघितलं नाही, एक जत्रा बघितली नाही! माझा मणका गेला! आणि तुला जायचंय?" टपरीवाला वाकून बघायला लागला. धैर्या घाबरला नाही. रडलाही नाही. पन्हळ चुकीच्या जागी असली की बघायचा, तसा माझ्याकडं बघत राहिला.

"आई रडेल," मी म्हटलं.

त्यानं डोळे मिटले. माहीत आहे त्याला.

"तरी?"

मिटले.

मी चहाचे पैसे दिले आणि गाडी सुरू केली. या पोराला पंख फुटले कधी आणि कुठं? स्वप्नाली पुण्याला निघाली होती तेव्हा मी चार दिवस धुसफुसलो होतो, पण मनातून छाती फुगली होती. याच्या बाबतीत असं काही होईल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

घरी शालन जागी होती. झोपून उठल्यावर तिचं तोंड जरा उजळ दिसत होतं. मी तिला स्वयंपाकघरात नेऊन सगळं सांगितलं, पन्हळीपासून टपरीपर्यंत. ती ऐकता ऐकता ओट्याला टेकली.

"तुम्ही त्याच्या तोंडात घातलं असणार," ती म्हणाली.

"तू विचार जाऊन."

ती गेली. मी दारात उभा राहिलो. ती त्याच्या समोर खुर्ची ओढून बसली, पदरानं आधी त्याची हनुवटी पुसली, मग हात मांडीवर ठेवले. किती वेळ नुसती बघत बसली.

"राजा, मी रागवणार नाही," ती म्हणाली. "खरं सांग. माझा खांदा दुखतो म्हणून जातोयस का?"

त्यानं तोंड फिरवलं.

"बाबा ओरडतात म्हणून?"

फिरवलं.

"मग नुसतंच जायचंय? तुझं तुला?"

त्यानं डोळे मिटले. शालननं मान खाली घातली. तिचे खांदे हलायला लागले तसा मी पुढं झालो, पण तिनं हातानंच थांबवलं. जरा वेळानं वर बघितलं तेव्हा तिच्या तोंडावर हसू होतं का रडू, मला आजही सांगता येणार नाही.

"जन्मात पहिल्यांदा काहीतरी मागितलं पोरानं," ती मला म्हणाली. "आणि मागून मागितलं तर हे."

मग उठली आणि त्याचे कपडे काढून बघायला लागली. कुठला शर्ट मानेला घट्ट होतो, कुठला नाही. मधेच विचारलं, "मऊ भात करतात का हो तिथं? का आपलं मोकळं मोकळं वाढतात?" मी म्हटलं, विचारतो.

सोमवारी मी डेपोतून फोन लावला. मोहिते बोलतोय, कराडहून, आम्ही येतोय, म्हणून सांगितलं. मऊ भाताचंही विचारलं. पलीकडं कुणी बाई होत्या, आवाजानं वयस्कर वाटल्या.

"एक विचारू का, मोहिते?" त्या म्हणाल्या. "पहिले काही दिवस फार अवघड जातात. आम्ही सगळ्यांना आधीच विचारून ठेवतो. मनाची तयारी आहे ना?"

"मुलाची आहे," मी म्हणालो.